नमुना उत्तर

४ ऑगस्ट

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, दरवेळी ते लिहून शाई कशाला घालवू.

कामाचं आधी. काल हेडमास्तर घरी आले होते. शिपायाला न पाठवता स्वतः आले, यावरून काय ते समज. तुझ्या जागेवर आलेला मास्तर दोन वर्षांत पळाला, त्याच्यानंतर आलेली बाई बदली घेऊन गेली. जागा पुन्हा रिकामी आहे. म्हणाले, "सरांना विचारा, परत येतात का. तीस सप्टेंबरपर्यंत मी कुणाला घेत नाही. त्यानंतर मात्र मला थांबता यायचं नाही." वर्गातली खुर्चीसुद्धा तुझीच आहे म्हणे, एक हात मोडलेली.

चोवीस वर्षं शिकवलंस तू त्या शाळेत. शेवटच्या दिवशी पोरांनी तुझ्या सायकलची हवा सोडली, तू जाऊ नयेस म्हणून. मग तू सायकल ढकलत स्टेशनपर्यंत गेलास आणि सगळी शाळा तुझ्या मागून. अजून मला लोक रस्त्यात अडवतात, "सरांच्या बहीण ना तुम्ही?" मला माझं स्वतःचं नाव आहे हे आता फक्त वीजबिलवाल्यांना माहीत आहे.

आणि ते सगळं टाकून तू बॅप्टिस्ट चर्चचा पाळक झालास. कुठल्या तरी टोकाच्या गावात, बावीस माणसांचा. आपल्या घरात कुणी चर्चची पायरी चढलेलं नव्हतं. तुझी बायको जाऊन चार वर्षं झाली, तुला शाळा सोडून तीन, आणि मी अजून एकच प्रश्न विचारतेय. का? तुझी पत्रं येतात लांबलचक, त्यात सगळं असतं, तेवढं नसतं. आता खरं काय ते लिही, तीस तारखेच्या आत.

शिलाई मशीन विकलं. तीस वर्षं जागा अडवून बसलं होतं.

तुझी अक्का


१२ ऑगस्ट

ती. अक्कास,

तुझं पत्र मिळालं. मुद्देसूद उत्तर देतो.

मुद्दा पहिला, हेडमास्तर. त्यांना माझे आभार कळव. विचार करतो म्हणावं, म्हणजे त्यांचाही मान राहील.

मुद्दा दुसरा, तुझा प्रश्न. अक्का, ही एक हाक असते. ज्याला ती ऐकू येते त्याला जावं लागतं. शिक्षक मुलांची मनं घडवतो, पाळक मोठ्यांची. तेव्हा मी काही सोडलं असं नाही, वर्ग तेवढा बदलला.

मुद्दा तिसरा, इथलं सगळं उत्तम आहे. आमच्याकडे पाळक वरून नेमून येत नाही, चर्चची सगळी माणसं, म्हणजे मंडळीच, हात वर करून ठरवते. दोन वर्षं पाळकाच्या शिक्षणात गेली, इथलं माझं पहिलं वर्ष ऑक्टोबरमध्ये पुरं होतंय, पहिल्या रविवारी मला ठेवायचं का यावर मतदान आहे. त्याआधी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तीन जणांचा बाप्तिस्मा. आमच्यात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत, हे तुला सांगितलं होतंच. माणसाने जाणत्या वयात, आपल्या तोंडाने, सगळ्यांसमोर साक्ष द्यायची, म्हणजे आपण इथवर कसे आलो ते सांगायचं, आणि मग पाण्यात पूर्ण बुडून वर यायचं. व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली हौद आहे. गेल्या महिन्यात तो नव्याने प्लास्टर करून घेतला. आता थेंबभर गळत नाही.

तिघंही साधी माणसं आहेत, एक सुतार, एक बस ड्रायव्हर आणि लाँड्री चालवणाऱ्या एक बाई. चारचौघांत बोलायची सवय नाही. म्हणून परीक्षेच्या वर्गाला द्यायचो तसं मी प्रत्येकाला एक नमुना उत्तर लिहून दिलंय. पाठ करताहेत बिचारे.

ता. क. गेली दोन-तीन पत्रं तुझं अक्षर फार बिघडलंय. ओळी खाली उतरतात, अक्षरं पाठीवर पडल्यासारखी दिसतात. घाईत लिहितेस तू. रोज एक पान सावकाश लिहीत जा. मशीन विकलंस ते बरं झालं, घर मोकळं होईल.

तुझा धाकटा


२० ऑगस्ट

धाकट्या,

मुद्देसूद उत्तर पोचलं. दहापैकी दहा. आता उत्तर दे.

म्हणे हाक ऐकू आली. लहानपणी जेवायला चार हाका मारल्या तरी तुला ऐकू यायच्या नाहीत, पुस्तक ओढून घ्यावं लागायचं. आता एकदम एवढे तिखट कान कुठून आले?

आई गेली तेव्हा तू सहाचा होतास, मी सोळाची. शाळेच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी नाव विचारलं तर तू माझ्या पाठीमागे लपलास आणि मी सांगितलं. तुला नोकरी हवी आहे हे या हेडमास्तरांच्या आधीच्या हेडमास्तरांना मी जाऊन सांगितलं. लग्नाला होकार आहे हेसुद्धा तिच्या घरी मीच सांगितलं, तू तेव्हा छताचा पंखा बघत होतास. वर्गात तुझ्या तोंडाचा पट्टा चालायचा, पण स्वतःचं काही बोलायचं म्हटलं की तू गप्प आणि अक्का पुढे. आयुष्यात एकच गोष्ट मला न विचारता केलीस, ती ही.

तुझ्या स्वतःच्या बाप्तिस्म्याला मी आले नव्हते ते तापामुळे. तेव्हाही कळवलं होतं.

माझ्या अक्षराचं म्हणशील तर मला आता कुठे परीक्षेला बसायचंय. वाचता येतंय ना, मग झालं.

एक विचारते, मुद्दे न घालता सांग. जेवतोस कुणाबरोबर?

तुझी अक्का


६ सप्टेंबर

ती. अक्कास,

उत्तराला उशीर झाला. बाप्तिस्म्याचा विधी पुढे ढकलावा लागला. हौदाला गळती लागली आहे, मिस्त्रीला निरोप दिलाय. बाकी सर्व उत्तम. जेवण वेळच्या वेळी होतं. पुढच्या रविवारच्या उपदेशाची तयारी चालू आहे, म्हणून आज थोडक्यात.

तुझा धाकटा


१० सप्टेंबर

धाकट्या,

बारा ऑगस्टचं तुझं पत्र माझ्यासमोर आहे. "थेंबभर गळत नाही." आणि आता गळती?

आठवतं का, लोणच्याची बरणी फोडलीस तेव्हा मांजराचं नाव सांगितलं होतंस. आपल्याकडे मांजर नव्हतं. तेव्हापासून तुझी खोटं बोलायची तयारी तेवढीच आहे, पोरांना निबंधाला शंभर ओळी लिहून द्यायचास आणि स्वतःला एक थाप धड रचता येत नाही.

चार ओळींचं पत्र तू आजवर मला लिहिलेलं नाहीस. काय झालंय? हेडमास्तर पुन्हा विचारून गेले. वीस दिवस उरलेत.

अक्का


१६ सप्टेंबर

अक्का,

हौदाला काही झालेलं नाही.

त्या रविवारी चर्च भरलं होतं. तिघांनी पांढरे झगे घातले होते, हौदात कोमट पाणी होतं. सुतार पुढे आला. "मी अंधारात चाचपडत होतो. माझं जीवन म्हणजे दिशा चुकलेली नाव होती." छान म्हणाला, कुठे अडखळला नाही. मग ड्रायव्हर. "मी अंधारात चाचपडत होतो. माझं जीवन म्हणजे दिशा चुकलेली नाव होती." मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. मला तोपर्यंत कळलं नव्हतं, खरंच सांगतो. मी मनातल्या मनात त्याला मार्क देत होतो.

मग लाँड्रीवाल्या बाई आल्या. "मी अंधारात चाचपडत होते," एवढं म्हणाल्या आणि थांबल्या. कागदाकडे बघत राहिल्या. मी पुढची ओळ हळूच सांगितली, वर्गात सांगायचो तशी. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, मी कधी अंधारात नव्हते हो. माझ्या दुकानात तीन ट्यूबलाइट आहेत. माझा माणूस गेला आणि मला बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून मी इथे यायला लागले. ते या कागदात कुठंय?"

कुणी हसलं नाही. त्यांनी कागदाची नीट चौकोनी घडी केली, माझ्यासमोर ठेवली आणि झगा तसाच अंगावर ठेवून बाजूच्या दाराने निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी झगा दारात होता, धुऊन, इस्त्री करून. सुतार आणि ड्रायव्हर म्हणाले, आम्हीही थांबतो.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय. मंडळीने आपल्या तोंडाने बोलावं हाच आमचा सगळा पाया, आणि मी त्यांच्या तोंडात माझी उत्तरं घातली.

तू विचारलंस, जेवतो कुणाबरोबर. इथेही मला सगळे सर म्हणतात. कुणाकडे गेलो की आधी टीव्ही बंद होतो. पोरं पुस्तक उघडून बसतात. घरातली चांगली खुर्ची पुसून मधे ठेवतात, मी तिच्यावर बसतो आणि बाकीचे भिंतीला टेकून उभे राहतात. निघालो की दाराबाहेर मला टीव्ही पुन्हा लागलेला ऐकू येतो. सगळ्यांना मी आवडतो, अक्का, पण माझ्या शेजारी कुणी बसत नाही. चर्चच्या मागच्या खोलीत टेबल आहे, दोन खुर्च्या आहेत. मी ओट्याशी उभा राहून जेवतो. टेबलावर बसलं की समोरची खुर्ची दिसते.

आता तुझा प्रश्न. हाकबिक मला काही ऐकू आली नव्हती.

ती गेली त्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो मला काहीतरी सांगत होता. काळ हेच औषध, ती सुटली, आता शाळेतल्या मुलांकडे बघून जगा सर. मीही इतरांच्या घरी जाऊन हेच सांगत आलो होतो, त्यामुळे मला पुढचं वाक्य आधीच पाठ होतं. मी स्वयंपाकघरात पळालो. तिथे तो म्हातारा बॅप्टिस्ट पाळक बाह्या वर करून भांडी घासत होता. ती कधीमधी त्यांच्या चर्चमध्ये गाणी ऐकायला जायची, तेवढीच ओळख. तिच्या आजारपणातली तीन दिवसांची भांडी पडली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि फडकं हातात दिलं. तो घासत गेला, मी पुसत गेलो. एक शब्द बोलला नाही. शेवटचा चमचा पुसून झाला तेव्हा मी रडलो, त्या दिवसांत पहिल्यांदा.

मला त्या माणसासारखं व्हायचं होतं. एवढंच कारण. तुला लिहायला फार किरकोळ वाटायचं, म्हणून हाक लिहीत आलो.

आणि व्हायचं होतं ते झालोच नाही. मतदानाआधी मी राजीनामा देतोय. हेडमास्तरांना हो सांग. तिथे निदान मी कुणाच्या उपयोगाचा होतो.

धाकटा


२२ सप्टेंबर

धाकट्या,

हेडमास्तरांना मी नाही सांगितलं. म्हणजे तू येणार नाहीस असं सांगितलं. चिडायचं असेल तर आधी पुढचं वाच, मग चीड.

त्या दिवशी मीही स्वयंपाकघराकडे आले होते. दारातून तुम्हा दोघांच्या पाठी दिसल्या. ती भांडी माझी होती, धाकट्या. आई गेली तेव्हा मी घासली, बाबा गेले तेव्हा मी घासली. आपल्या घरातलं प्रत्येक दुःख माझ्या हाताखालून धुऊन जायचं. आणि तिथे एक परका माणूस उभा, आणि तू, माझ्यासमोर कधी न रडलेला, त्याच्यासमोर रडत होतास. मी उलट्या पावली बाहेर येऊन बसले. तुझ्या बाप्तिस्म्याला मला ताप नव्हता. राग होता. चार वर्षं मी तो सांभाळलाय. "का" विचारत राहिले, कारण मला उत्तर माहीत होतं आणि ते तुझ्या तोंडून यायला हवं होतं.

दुसरी गोष्ट. मे महिन्यात मी न्हाणीघरात घसरले. उजवं मनगट मोडलं, ते काही धड जुळलं नाही. मशीन त्यामुळे गेलं. ही पत्रं डाव्या हाताची आहेत. रोज एक पान सावकाशच लिहिते, तुझी आज्ञा मी आधीपासून पाळतेय. तुला कळवलं नाही, कारण तू मला हाडं जुळण्याचे सात उपाय लिहिले असतेस, आकडे घालून.

प्लास्टर घालायला जी नर्स होती ती तुझी विद्यार्थिनी निघाली. बोलताना फार अडखळायची, ती. अजून अडखळते थोडी. तुझं नाव काढलं आणि तिचे हात थांबले. म्हणाली, "मी उत्तर द्यायला उभी राहिले की वर्ग हसायचा. सर मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवायचे. म्हणायचे, आपल्याला कुठे जायचंय? हसणारे दमून गप्प बसायचे, मग मी बोलायचे. सरांनी माझं वाक्य कधी पुरं केलं नाही."

ऐकलंस? तुझ्या शंभर ओळींच्या निबंधातली एक ओळ तिला आठवत नाही, मी विचारलं. ज्यासाठी पोरं तुझ्या सायकलची हवा सोडत होती ते हे होतं. भांडी घासणारा तो म्हातारा जे करत होता तेच तू वर्गात चोवीस वर्षं केलंस, आणि तुझं तुलाच माहीत नाही. मग व्यासपीठ मिळालं आणि घड्याळ पुन्हा मनगटावर बांधलंस.

तेव्हा राजीनाम्याचा कागद चुलीत घाल आणि त्या बाईकडे जा. क्षमा मागायला म्हणून भाषण ठोकू नकोस. लाँड्री आहे, चादरी असतीलच. चादरीची घडी एकट्या माणसाला धड जमत नाही. मी एक टोक हनुवटीखाली दाबून करते, तरी वाकडीच होते. तू नुसतं दुसरं टोक धर.

हेडमास्तर पहिल्यांदा आले ना, त्या दिवशी मी तुझी खोली झाडून काढली होती. एका हाताने. तुझ्या पलंगावर धुतलेली चादर घातली होती. मला तू इथे हवा होतास, तरी मी त्यांना नाही सांगितलं. तुझ्या वतीने मी आयुष्यभर बोलत आले, हे शेवटचं. इथून पुढे तुझं तू बोल.

आणि माझं मी बोलते. मी एकटी आहे रे. फार एकटी आहे. घरात दिवसभर जो आवाज होतो तो माझाच. कधी कधी मुद्दाम ताटली जरा जोरात ठेवते. एवढं लिहायला मला एकसष्ट वर्षं लागली. याला उत्तर लिहू नकोस. उपाय तर मुळीच नको.

अक्का


५ ऑक्टोबर

अक्का,

उत्तर लिहीत नाही. नुसतं कळवतो.

लाँड्रीत गेलो. बाईंनी विचारलं, "काही सांगायचंय का, सर?" मी मान हलवली. हॉटेलच्या चादरींचा ढीग पडला होता. मी एक टोक धरलं. पहिल्या दोन-तीन माझ्याकडून वाकड्या झाल्या, त्यांनी न बोलता पुन्हा उलगडल्या. ढीग अर्धा झाला तेव्हा त्या त्यांच्या माणसाबद्दल बोलायला लागल्या. मधेच फार वेळ थांबल्या. माझ्या जिभेवर वाक्य आलं होतं, मी ते गिळलं. घड्याळ खिशात होतं.

काल त्या हौदाशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझा माणूस गेला. बोलायला कुणी नव्हतं. इथे येऊन मी देवाशी बोलते, आणि तो मधे बोलत नाही." एवढीच साक्ष. मी त्यांना पाण्यात धरलं आणि वर घेतलं. सुतार म्हणाला, "मला एवढंही जमायचं नाही, पण मला उतरायचंय," आणि उतरला. ड्रायव्हर अजून थांबलाय. थांबू दे.

मतदान झालं. मला ठेवलंय. तीन हात वर आले नाहीत. मला सगळ्यांसमोर बोलायला सांगितलं तेव्हा त्या भांड्यांचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी आपल्या तोंडाने सांगितलं. नंतर बाई माझ्या खोलीवर आल्या, न विचारता दुसऱ्या खुर्चीवर बसल्या आणि चहा संपेपर्यंत बसल्या.

हे पत्र बुधवारपर्यंत पोचेल, मी गुरुवारी संध्याकाळच्या गाडीने पोचतो. शनिवारी निघावं लागेल. तोपर्यंतची भांडी तशीच ठेव. मी घासतो, तू डाव्या हाताने पूस.

धाकटा